ऑडिशनआधीचे तीन महिने

लहान मुलगी एखादं गाणं सुरात गायली की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "हिच्या गळ्यात सरस्वती आहे." मग शेजारच्या काकू म्हणतात, "हिला सारेगमपला पाठवा." कौतुक मनापासूनचं असतं, पण टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या ऑडिशनची तयारी त्या वाक्यावर उभी करू नका. सरस्वती गळ्यात बसलेलीच असेल तर रोज सकाळी तानपुऱ्यापुढे कशाला बसायचं, हे मुलीला कळत नाही. आणि एखाद्या दिवशी सूर लागला नाही, तर सरस्वती आली तशी निघून गेली असं तिला वाटतं.

गाण्यातली माणसं "गळा तयार आहे" असं म्हणतात. म्हणजे तो कोणीतरी तयार केलेला असतो. २००८-०९ च्या मराठी 'लिटल चॅम्प्स'मधल्या पाच मुलांना महाराष्ट्राने 'पंचरत्न' म्हणून डोक्यावर घेतलं. विजेती कार्तिकी गायकवाड हिचे वडील संगीतशिक्षक, आर्या आंबेकर हिची आई शास्त्रीय गायिका. घरात गाणं होतं याचा अर्थ रक्तात होतं इतकाच लावला गेला. रोज चूक दाखवणारा कान घरात होता, हा अर्थ जास्त उपयोगाचा आहे. तुमच्या घरी तसा कान नसेल तर गुरू शोधा, आणि गुरूंच्या दोन शिकवण्यांच्या मधल्या दिवसांसाठी तानपुऱ्याचं अ‍ॅप आणि फोनचं रेकॉर्डिंग वापरा.

पहिला महिना: गाणं नाही, पट्टी, म्हणजे मुलाचा सा कोणत्या सुरावर धरायचा ते. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला चाळीस मिनिटं पुरतात, वीस सकाळी आणि वीस संध्याकाळी. पट्टी मात्र संध्याकाळी, शाळेतून दमून आल्यावर ठरवा, कारण ऑडिशनच्या रांगेत तासन्‌तास उभं राहिल्यावर गळा तसाच असणार आहे. तानपुरा काळी चारला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावा. मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातला प) तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातला ग) आकारात, म्हणजे नुसत्या 'आ'वर, सावकाश जायला सांगा. खालचा प नुसती हवा झाला तर पट्टी अर्ध्या सुराने वर, म्हणजे पांढरी सहाला न्या. तार ग लावताना हनुवटी वर गेली किंवा मानेच्या शिरा ताणल्या तर पांढरी पाचला उतरा. मूळ गायिकेची पट्टी तुमच्या मुलीची असेलच असं नाही, आणि खालच्या पट्टीत गाण्यात कमीपणा काही नाही.

त्याच महिन्यात अलंकार, म्हणजे ठरावीक क्रमाने म्हणायचे स्वरांचे पलटे, एकपट, दुप्पट, चौपट लयीत म्हणून घ्या. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा आणि सलग तीन दिवस स्वच्छ झाल्याशिवाय ६६ वर जाऊ नका.

सूर उतरतो तो इथे. पहिली फेरी बहुधा साथीशिवाय असते, आणि कॅरिओकेवर वाढलेली मुलं तिथेच अडकतात. घरी ही परीक्षा घ्या. तानपुऱ्यावर सा भरू द्या, तानपुरा बंद करा, गाण्याचं ध्रुवपद (पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ) आणि एक अंतरा (कडवं) गाऊ द्या. शेवटच्या सा वर मूल थांबलं की तानपुरा पुन्हा सुरू करा. बहुतेक वेळा मुलाचा सा खाली सरकलेला असतो, कधी अर्धा सूरसुद्धा, आणि गाताना ते कोणाच्याच लक्षात आलेलं नसतं. कारणं दोन. ओळ संपता संपता श्वास संपतो, आणि अवरोहात, म्हणजे वरून खाली येताना, ग आणि नी ढिले पडतात. पहिल्यावर उपाय म्हणजे शब्द कागदावर लिहून श्वासाच्या जागी पेन्सिलने खूण करणं, आणि रोज त्याच जागी श्वास घेणं. दुसऱ्यावर उपाय म्हणजे त्या ओळीचा नुसता अवरोह सरगममध्ये, अर्ध्या लयीत, दहा वेळा. ही परीक्षा आठवड्यातून दोनदाच घ्या. रोज घेतली की मुलं सुराऐवजी निकालाकडे बघायला लागतात.

दुसरा महिना: निवड आणि शब्द. हाताशी मिनिट-दीड मिनिट असतं असं धरून चाला. आलाप, मधलं संगीत तोंडाने म्हणणं, सगळं गाळा. तीन गाणी पक्की करा: एक संथ अभंग किंवा भावगीत, एक उडत्या लयीचं, आणि तिसरं मुलाला स्वतःला आवडणारं. नाट्यगीत गुरूंनी बसवून दिलं असेल तरच. हरकतींचा, म्हणजे ओळीत घेतलेल्या सुरांच्या छोट्या वळणांचा, नियम सोपा आहे: जी हरकत मूल सरगममध्ये, म्हणजे स्वरांची नावं घेऊन, म्हणू शकत नाही, ती गाण्यात घ्यायची नाही. रेकॉर्ड ऐकून उचललेली अर्धवट मुरकी (झटकन घेतलेली हरकत) परीक्षकांना लगेच कळते.

शब्दांवर आठवडाभर द्या. 'चांदणं' मधला च आणि 'चंद्र' मधला च वेगळा. 'माझा' आणि 'माझी' यांतला झ वेगळा. इंग्रजी माध्यमातल्या आणि परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांचे हे उच्चार हमखास एकसारखे होतात, ळ चा ल होतो, आणि सूर चोख असूनही गाणं परकं वाटतं. आजीसमोर कविता मोठ्याने वाचायला लावणं हा यावरचा सर्वांत चांगला रियाज.

तिसरा महिना: गाणं कमी, बोलणं जपून. रियाज तेवढाच ठेवा, पण पूर्ण आवाजात गाणं दिवसातून दोनदाच. बारा-तेराच्या पुढचा मुलगा असेल आणि आवाज फुटत असेल तर पट्टी खाली घ्या, नाहीतर हे वर्ष सोडा. घसा दोन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाचे डॉक्टर.

आता अर्जाबद्दल. "गाणं कुठे शिकता?" या रकान्यात काही पालक "कुठेही नाही" लिहितात. न शिकता गाणारं मूल टीव्हीवर चमत्कार ठरतं, आणि एव्हीमध्ये, म्हणजे गाण्याआधीच्या छोट्या फिल्ममध्ये, तो चमत्कार किंवा घरची गरिबी दिसते. पाच वर्षांचा रियाज दिसत नाही, कारण रोज सकाळी तेच अलंकार म्हणणाऱ्या मुलीत बघण्यासारखं काही घडत नाही. तरीही गुरूंचं नाव लिहा. ते लपवलं की मेहनत ही सांगायला लाजायची गोष्ट आहे हे मूल तुमच्याकडूनच शिकतं. कॅमेऱ्यासमोर सांगायलाही हेच तयार करा: कोणाकडे, किती वर्षं, आज काय अवघड गेलं.

घरातलं कौतुकही बदला. "काय गळा आहे!" ऐवजी "दुसऱ्या ओळीचा शेवट आज तुटला नाही" म्हणा. पाहुण्यांसमोर "हिला उपजतच येतं" म्हणणं पूर्ण बंद करा. ऑडिशनमध्ये नकार आला तर अशा मुलांना तो "आपल्यात ते नाहीच" असा ऐकू येतो. त्या संध्याकाळी गाण्याचा विषय काढू नका. दुसऱ्या दिवशी आदल्या आठवड्याचं घरचं रेकॉर्डिंग लावा आणि मुलालाच दोन सुधारायच्या जागा शोधायला सांगा. त्या दोनच.

निवड झाली तर सही करण्याआधी नियम वाचा. चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी २०१७ पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग २७ दिवसांच्या पुढे नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती हवी. मानधनापैकी किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत थेट जमा व्हायला हवी. परवानगीची प्रत आणि ठेवीची पावती दोन्ही मागून घ्या. चित्रीकरणाच्या दिवशी सेटवर पोहोचल्याची आणि निघाल्याची वेळ वहीत लिहा, म्हणजे "अजून एकच टेक" दहाव्यांदा ऐकू आल्यावर मुलाला घरी न्यायला तुमच्या हातात आकडा असेल.