सर्व्हरवरच्या फाइलचा आकार जुनाच दिसतो? या चुका टाळा

आंब्याच्या हंगामात रत्नागिरी-देवगडकडच्या पॅकिंग शेडमध्ये काट्याजवळचा संगणक पेट्यांच्या नोंदी सर्व्हरवरच्या फाइलला जोडत असतो आणि ऑफिसातला दुसरा संगणक तीच फाइल वाचून बिल काढतो. वाशीची गाडी सुटायच्या घाईत शेवटच्या पेट्या बिलात आल्या नाहीत, की केबल बदलतात, सर्व्हर रीस्टार्ट करतात. ही पहिली चूक. आधी फाइलचा आकार सर्व्हरवर बसून बघा, मग ऑफिसात बघा. सर्व्हरवरच कमी असेल तर काट्याकडच्या संगणकाने नोंदी अजून पाठवलेल्याच नाहीत. फक्त ऑफिसात कमी असेल तर कारण कॅश, म्हणजे संगणकाने जवळच्या मेमरीत साठवलेली जुनी माहिती.

एनएफएस, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइल नेटवर्कवरून वापरण्याची पद्धत; तिच्यात संगणक दर वेळी सर्व्हरला आकार विचारत नाही. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार साध्या फाइलची माहिती किमान ३ आणि कमाल ६० सेकंद जवळच्या मेमरीतून येते. फाइल बदलत नसेल तर ही मुदत वाढत जाते. म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या पेट्याच उशिरा दिसतात.

हमी एवढीच असते: लिहिणाऱ्याने फाइल बंद केल्यावर वाचणाऱ्याने ती उघडली, तर मजकूर ताजा मिळतो. दिवसभर फाइल उघडी ठेवणारा प्रोग्राम ही हमी घालवतो. नोंदींचा गठ्ठा लिहून झाला की फाइल बंद करा, आणि वाचताना नव्याने उघडा.

वैतागून ‘नोएसी’ (noac) हा एनएफएस जोडतानाचा कॅश बंद करणारा पर्याय लावू नका. त्याने आकाराची माहिती साठवणे थांबते खरे, पण प्रत्येक लेखन सर्व्हरवर पोचेपर्यंत थांबावे लागते आणि ऐन गर्दीत काम रेंगाळते.

खरा धोका दोन काटे एकाच फाइलला नोंदी जोडतात तेव्हा. ‘शेवटी जोड’ अशी आज्ञाच एनएफएसमध्ये नाही; प्रत्येक संगणक स्वतःला माहीत असलेल्या आकारावरून शेवट ठरवतो. दोघांनी एकच जागा धरली तर एकाची नोंद दुसऱ्याखाली कायमची जाते. हा उशीर नव्हे, बागायतदाराचे नुकसान आहे. प्रत्येक काट्याला वेगळी फाइल द्या, हे मला सर्वांत खात्रीचे वाटते. एकच फाइल हवी असेल तर लिहिण्याआधी लॉक (एका वेळी एकानेच लिहावे म्हणून फाइलला लावायचे कुलूप) घ्या. लॉक मिळताच संगणक जुनी माहिती सोडून सर्व्हरला पुन्हा विचारतो.

दिवसअखेरचा अहवाल मात्र त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहून, बंद करून, मगच खरे नाव द्या.