झुडपाची छाटणी करताना आधी आत हात घाला

बहुतेक जण मोठी कात्री घेतात आणि झुडूप वरून सपासप गोल करून टाकतात, त्या दिवशी दिसतंही मस्त, पण असं दोन-तीन वर्षं चाललेलं झुडूप एकदा हाताने बाजूला सारून आत बघा, बाहेर चार बोटं जाडीचा हिरवा थर आणि आत नुसत्या काड्या. कारण सोपं आहे. शेंडा असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या फांदीवरच्या बारीक उंचवट्यांना, फुटू देत नाही, शेंडा उडवला की कापलेल्या जागेच्या लगेच खालून दोन-तीन फुटवे येतात, ते परत कापले की अजून येतात, शेवटी बाहेर इतकी दाटी होते की आत ऊनही जात नाही आणि वाराही नाही, मग पानं ओली राहतात आणि बुरशी धरते.

म्हणून मोठी कात्री बाजूला ठेवा आणि सिकेटर, म्हणजे एका हाताने चालवायची छाटणीची छोटी कात्री, घ्या, ज्याची दोन पाती एकमेकांजवळून घासून जातात तो, दाबून कापणारा नको, त्याने हिरवी फांदी चेंगरते. अंगठ्याहून जाड फांदीला सरळ छोटी करवत लावा. पाती ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्या, रोगट फांदी कापली की परत पुसा, कंटाळा करू नका.

आता आधी वाळलेलं काढा. वाळलंय की नाही कळत नसेल तर नखाने साल जरा खरवडा, खाली हिरवं दिसलं तर जिवंत आहे, तपकिरी कोरडं असेल तर गेलं. मग रोगट फांद्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या दोन्हीतली कमजोर असेल ती. इतकं झालं की चार पावलं मागे जा आणि बघा, खरं सांगायचं तर कित्येकदा इथेच काम संपलेलं असतं.

अजूनही दाटी वाटत असेल तर सगळ्यात जुनी जाड फांदी शोधा आणि ती अर्ध्यात न तोडता थेट बुंध्याशी काढा, नाहीतर जिथून फुटली त्या जोडापाशी. जोडाजवळ जी फुगीर कड असते ना, ती कापायची नाही, जखम तिथूनच भरते, आणि लांब खुंटही सोडायचा नाही, तो वाळून कुजतो. वर रंग वगैरे फासायची काही गरज नाही. फांदी नुसती आखूड करायची असेल तर बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघून त्याच्या साधारण ५ मिलिमीटर वर तिरका काप द्या, नवा फुटवा बाहेरच्या दिशेने जातो आणि आकार आपोआप मोकळा राहतो.

एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काढू नका. फारच जुनं, गुंता झालेलं झुडूप असेल तर दरवर्षी जुन्या फांद्यांतला तिसरा भाग असं तीन वर्षांत नवं करा, घाई नको. थुजासारख्या (मोरपंखीच्या जातीच्या) झाडांना मात्र ही सूट नाही, आतल्या पान नसलेल्या लाकडापर्यंत कापलं तर तिथून परत फुटत नाही, भोक पडतं ते तसंच राहतं.

वेळेचं म्हणाल तर जास्वंद नव्या फुटीवर फुलते, तिला जोमाची वाढ सुरू व्हायच्या जरा आधी छाटा. अझेलिया आधीच धरून ठेवलेल्या कळ्यांवर फुलते, तिला फुलं संपल्या संपल्या, उशीर केलात तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात. पानं ओली असताना छाटणी नकोच, रोग पसरतो. आणि कण्हेर असेल तर हातमोजे घाला, तिचा चीक विषारी असतो, छाटलेल्या फांद्या जाळू पण नका, धूरही त्रासदायक असतो.