नेट गेलं तरी दिवा लागला पाहिजे

घोडबंदर रोडचा टॉवर असो की नेरुळचं जुनं सिडकोचं घर, कंपनीने सर्व्हर बंद केला की महागडा स्मार्ट स्विच ॲपवरून चालेनासा होतो. वायरिंग ठणठणीत असतं, पण हुकूम इंटरनेटवरून फिरून येतो. तो घरातल्या घरातच ठेवा.

जुन्या मिनी पीसीवर किंवा रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर होम असिस्टंट टाका; हे सॉफ्टवेअर उपकरणांना घरातूनच हुकूम देतं. एसडी कार्ड सतत लिहून झिजतं, म्हणून एसएसडी वापरा. झिगबी डोंगल (सेन्सरशी बिनतारी बोलणारी यूएसबी कांडी) यूएसबी ३ पोर्टात थेट लावू नका. त्या पोर्टाचा गोंगाट झिगबीच्याच २.४ गिगाहर्ट्झवर पसरतो आणि सेन्सर गायब होतात. मीटरभर एक्स्टेंशन केबल लावली की बहुतेक वेळा भागतं.

खरी अडचण स्विचबोर्डात. मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा, मगच प्लेट उघडा. बटणामागे बसणाऱ्या बहुतेक स्मार्ट रिलेंना, म्हणजे हुकमावर चालू-बंद होणाऱ्या स्विचना, न्यूट्रल (परतीची वायर) लागते. बोर्डात प्लग पॉइंट असेल तर ती तिथे मिळते, नुसती बटणं असतील तर बहुधा नसते. रंगावर विसंबू नका, मीटरने तपासा. अर्थिंगला न्यूट्रल म्हणून कधीही जोडू नका, जिवावर बेतेल. नवी वायर इलेक्ट्रिशियनकडूनच ओढून घ्या.

२००० वॉटचा गीझर जवळपास ९ अँपिअर खेचतो. १० अँपिअरच्या रिलेचे काँटॅक्ट तापून चिकटू शकतात, मग गीझर बंदच होत नाही. रिलेने २५ अँपिअरचा काँटॅक्टर (जड भार पेलणारा स्विच) चालवा.

शेवटी राउटरमधून इंटरनेटची केबल काढा, वायफाय चालू ठेवा. दिवा लागला नाही, तर ते उपकरण मुदतीत परत करा.