चार जीबी रॅम, मोबाइलचं हॉटस्पॉट आणि लाईनीचा भरवसा नाही: कोड एडिटर कसा निवडायचा

कोड लिहायचा प्रोग्राम म्हणजे एडिटर. तो हलका आहे की जड, हे कुठल्याही जाहिरातीवरून कळत नाही. तुमच्याच लॅपटॉपवर, लागणारी एक्स्टेंशनं (एडिटरला जोडायच्या जादा सोयी) घालून, तुमचंच काम उघडलं की कळतं. नुसता व्हीएस कोड हा एडिटर बऱ्याच जुन्या यंत्रांवर धकतो. त्यात पायथनचं एक्स्टेंशन घातलं की मागे लँग्वेज सर्व्हर, म्हणजे कोड वाचून चुका आणि सूचना दाखवणारा वेगळा प्रोग्राम, सुरू होतो आणि रॅम खरी तोच खातो. निओव्हिम हा कीबोर्डवरच चालवायचा एडिटर स्वतः फार थोड्या रॅममध्ये भागवतो, पण तोच सर्व्हर त्यालाही जोडला तर त्या सर्व्हरचं ओझं तिथेही तेवढंच पडतं.

म्हणून आधी वजन करा. जिनिंगवर भरलेली गाडी काट्यावर घेतात, मग रिकामी, आणि फरक तो माल. इथे फक्त उलट क्रमाने जायचं. लॅपटॉप रीस्टार्ट करून पाच मिनिटं थांबा. काम करताना ब्राउझरचे जेवढे टॅब लागतात तेवढे उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वापर लिहून घ्या. मग एडिटरमध्ये पूर्ण प्रोजेक्ट उघडा, दोन मिनिटं जाऊ द्या आणि पुन्हा आकडा बघा. मोकळी रॅम ५०० एमबीच्या खाली गेली तर तो एडिटर त्या यंत्राचा नाही. विंडोज रॅममधला माल डिस्कवर टाकू लागतं, आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर अक्षर टंकल्यावर क्षणभराने पडद्यावर उमटतं. ही परीक्षा दुपारी घ्या. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. सकाळी चालणारा एडिटर दुपारी अडखळतो तो यामुळे.

चार जीबी रॅम आणि हार्ड डिस्क असेल, आणि सी किंवा पायथन शिकणं चालू असेल, तर जिनी (Geany) हा एडिटर घ्या. एफ८ ने कंपाइल, एफ९ ने बिल्ड, एफ५ ने रन. विंडोजवर त्याच्यासोबत कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, येत नाही. तो वेगळा टाकून त्याचा फोल्डर पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या यादीत) नोंदवला नाही तर एफ८ दाबल्यावर नुसती चूक दिसते आणि मुलं दोष एडिटरला देतात. नोटपॅड प्लस प्लस फक्त विंडोजसाठी आहे, पण वेबपेज आणि छोट्या स्क्रिप्टसाठी उत्तम, आणि विंडोज ७ वरही चालतो. लिनक्सवर केट हा एडिटर बघाच, लँग्वेज सर्व्हरची सोय त्यात आधीपासून आहे. आठ जीबी आणि एसएसडी असेल तर व्हीएस कोड घ्यायला हरकत नाही. विंडोज ७ वर मात्र त्याची १.७० च्या पुढची आवृत्ती चालत नाही. ॲटम हा एडिटर सुचवणारे जुने व्हिडिओ अजून फिरतात. तो डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला, त्यामागे जाऊ नका.

आता लाईनीचं. बॅटरी उतरलेल्या लॅपटॉपवर किंवा डेस्कटॉपवर लाईन जाते तेव्हा न जतन केलेला मजकूर तर जातोच, पण कधीकधी जतन केलेली फाइलही जाते. फाइलचा आकार डिस्कवर नोंदला जातो आणि मजकूर पोचायच्या आत वीज तुटते. मग नोटपॅड प्लस प्लसमध्ये ती फाइल उघडली की काळ्या पट्ट्यांत ‘नल नल नल’ भरलेलं दिसतं. त्यातून काही परत येत नाही. म्हणून जुनी प्रत वेगळी राहील अशी सोय हवी. नोटपॅड प्लस प्लसच्या सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, बॅकअपमध्ये दर ७ सेकंदांनी प्रत घेण्याची सोय आधीच चालू असते. त्याखालचा व्हर्बोज बॅकअप तेवढा चालू करा, म्हणजे प्रत्येक सेव्हला तारीख-वेळेची वेगळी प्रत उरते. व्हीएस कोडमध्ये ऑटो सेव्ह चालू करा, जुन्या प्रती त्याच्या टाइमलाइन या भागात मिळतात. व्हिम (निओव्हिम ज्याच्यावरून बनला तो एडिटर) न जतन केलेल्या बदलांची स्वॅप फाइल ठेवतो. पुन्हा उघडताना तो विचारेल तेव्हा ‘रिकव्हर’ निवडा, ‘डिलीट’ नाही. मजकूर परत मिळतो का, ही परीक्षा प्लग उपटून घेऊ नका, डिस्क खराब होईल. टास्क मॅनेजरमधून एडिटर एंड टास्क करा आणि उघडून बघा. आणि रोज संध्याकाळी गिटचं (कोडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं) काम पेनड्राइव्हवरच्या रिपॉझिटरीत, म्हणजे गिटच्या साठ्यात, पुश करा. सगळ्यांत मोठा आधार तोच.

डेटा वाचवायचा असेल तर एक्स्टेंशनं तालुक्याच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर व्हीएसआयएक्स फाइल (व्हीएस कोडच्या एक्स्टेंशनची इन्स्टॉल करायची फाइल) म्हणून उतरवून पेनड्राइव्हवर आणा. ‘इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स’ने ती बसतात. याहून सोपं म्हणजे व्हीएस कोडची झिप आवृत्ती घ्या आणि तिच्या फोल्डरमध्ये ‘डेटा’ नावाचा फोल्डर इंग्रजी छोट्या लिपीत बनवा. सगळी एक्स्टेंशनं आणि सेटिंग त्यातच राहतात, पूर्ण फोल्डर दुसऱ्या विंडोज यंत्रावर नेता येतो. एक खबरदारी घ्या: काही एक्स्टेंशनं पहिल्यांदा चालताना आणखी फाइली ओढतात. वायफायवर असतानाच प्रत्येक एकदा चालवून बघा. घरी आल्यावर ऑटो अपडेट बंद ठेवा, नाहीतर सकाळचा डेटा पॅक दुपारीच संपतो.

मराठी तपासल्याशिवाय एडिटर पक्का करू नका. ‘हिंगणघाट, आर्वी, दर्यापूर, वाऱ्यावर’ एवढं टंका. रफार आणि जोडाक्षरं नीट बसली का बघा, मग जतन करून पुन्हा उघडा. गावांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर फाइल एएनएसआय या देवनागरी न मावणाऱ्या जुन्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) जतन झाली आहे, आणि ती अक्षरं त्या फाइलमधून कायमची गेली. एन्कोडिंग आधीच यूटीएफ-८ करून ठेवा. देवनागरीत रकाने सरळ रेषेत दिसत नाहीत, ते फॉन्टमुळे, प्रोग्राम त्याने बिघडत नाही.

एक्स्टेंशनं पाचाच्या वर नेऊ नका. तरी व्हीएस कोड मंद झाला तर कमांड पॅलेटमधून (त्याच्या आज्ञांच्या यादीतून) ‘स्टार्ट एक्स्टेंशन बायसेक्ट’ चालवा. तो अर्धीअर्धी एक्स्टेंशनं बंद करत जातो, प्रत्येक वेळी त्रास आहे की गेला एवढंच सांगायचं, आणि चार-पाच फेऱ्यांत दोषी सापडतं.