भेटीच्या बैठकीला येण्याआधी

वेगळं राहणाऱ्या आईवडिलांत मुलाला कोणी, कधी भेटायचं हे ठरवायला मी मध्यस्थ म्हणून बसले की एक गोष्ट हमखास दिसते. दोघांच्याही मोबाईलमध्ये स्क्रीनशॉटचा ढीग असतो, आणि पोराची शाळा किती वाजता सुटते हे मात्र एकालाच ठाऊक असतं. आईवडिलांचं लग्नच झालेलं नसेल तर भांडण 'तुझा संबंधच काय' इथूनच सुरू होतं. म्हणून तयारी वहीपासून करा. मुलाचा सोमवार ते रविवार लिहून काढा: शाळा, रिक्षा, क्लास, औषधं, झोप, आजी कुठल्या वारी येते. पुण्याहून येणारे एक वडील दर शनिवारी चारची भेट मागत होते. आईनं काही न बोलता वही त्यांच्याकडे फिरवली. शनिवार, चार वाजता, तबला. "तबला कधीपासून?" एवढंच त्यांनी विचारलं. दीड तासात पहिल्यांदाच कोणीतरी पोराबद्दल बोललं होतं. क्लासहून आणायचं काम मग त्यांच्याकडेच आलं.

कागद थोडेच लागतात: मुलाचा जन्मदाखला, दोघांची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा, शाळेचं बोनाफाईड, दुखणं असेल तर डॉक्टरांची फाईल. दाखल्यावर वडिलांचं नाव नसलं आणि पितृत्वाबद्दल वाद नसला तर तसं तडजोडपत्रात लिहून घेता येतं. डीएनएची धमकी घेऊन येऊ नका. मागितली की चाचणी, असं न्यायालयात होत नाही.

कायद्याचं थोडं मनाशी पक्कं करून या. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार लग्नाशिवाय झालेल्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर वडील. वडिलांना हे कडू लागतं. पण पालकत्व वेगळं आणि भेट वेगळी, हे आईनंही ऐकायला हवं. न्यायालय शेवटी मुलाचं हित बघतं. पोटगीचं तर तिसरंच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली मुलाचा खर्च मागता येतो, आईवडिलांचं लग्न झालेलं असो वा नसो. 'पैसे नाहीत तर भेट नाही' आणि 'भेट नाही तर पैसे नाहीत' ही दोन्ही वाक्यं घरीच ठेवा. पालकत्वाचा किंवा भेटीचा अर्ज कुठं करायचा? मूल नेहमी राहतं तिथं. पोरगं कोल्हापुरात तर वडिलांनी इकडं यायचं. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि मुलांना मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाईन 15100.

आता खरा घोळ जिथं होतो ते. मूल द्यायची-घ्यायची जागा नक्की करून या. आईच्या दारात नको, तिथं शेजारी खिडकीत येतात. रंकाळा तलावावरची एखादी ठरलेली जागा बरी. नवरात्र, दिवाळी, जोतिबाची यात्रा, मे महिन्याची सुट्टी, वाढदिवस, सगळं आधी दोघांनी वेगवेगळं लिहा. आणि पावसाळा विसरू नका. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी गाठली की भेट व्हिडिओ कॉलवर आणि राहिलेला दिवस पुढच्या महिन्यात, अशी ओळ मी हट्टानं लिहून घेते. हसतात लोक. जुलैत हसत नाहीत.

गाडीभर पाहुणे आणू नका. मामा आणि काका समोरासमोर आले की बैठक त्यांचीच होते. पहिल्या बैठकीला मूलही नको. मारहाण झालेली असेल, समोर बसायची भीती वाटत असेल, तर मध्यस्थाला आधीच सांगा. वेगळ्या खोलीत बसता येतं, आणि मध्यस्थीला नाही म्हणायचीही मुभा आहे.

ठरलं की पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरी करून मोकळे होऊ नका. ती कोर्टाची ऑर्डर नव्हे. दावा चालू असेल तर पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, आणि सोबत तडजोडपत्र दाखल करून कौटुंबिक न्यायालयाचा हुकूम घ्या. लोकअदालतीत मिटलं तर तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो. पुन्हा बसायची तारीखही त्याच कागदावर टाका. बालवाडीचं पोर पहिलीत गेलं की सगळ्या वेळा बदलतात.