डेटाबेस ड्रायव्हरची जुळणी: ३२-बिटवरून ६४-बिटवर जाण्याआधीची तयारी

बॅकअप, अ‍ॅडमिनचे अधिकार, फायरवॉलमधले पोर्ट या गोष्टी सगळेच करतात, त्यामुळे त्या इथे लिहीत नाही. पहिली नोंद ही की, डेटाबेसशी जोडणी करणारा प्रत्येक प्रोग्रॅम किती बिटांचा आहे ते शोधून कागदावर उतरवून घ्यावे. यंत्र किती बिटांचे आहे, विंडोज किती बिटांची आहे किंवा पलीकडचा डेटाबेस सर्व्हर किती बिटांचा आहे, यावरून ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांना जोडणारा दुवा, ठरत नाही; तो प्रोग्रॅमच्या बिटांवरून ठरतो. ओडीबीसी (डेटाबेसशी जोडणीची प्रमाणित पद्धत) ड्रायव्हर म्हणजे एक डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला जोडली जाणारी कोडची फाइल असते, ती प्रोग्रॅमच्याच प्रोसेसमध्ये (चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये) लोड होते आणि ३२-बिट प्रोसेसमध्ये ६४-बिट डीएलएल लोड होऊच शकत नाही. उलट दिशेनेही तेच. मागच्या स्थलांतराच्या यादीत माझ्याकडून नेमकी हीच नोंद राहिली होती, म्हणून ती या वेळी सर्वांत वर आहे.

प्रोग्रॅम चालू असताना टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘प्लॅटफॉर्म’ हा रकाना दाखवायला लावला की उत्तर समोर येते. डॉटनेटच्या (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेच्या) प्रोग्रॅमवर ‘एनी सीपीयू’, म्हणजे कुठल्याही बिटवर चालेल, असे असले तरी ‘प्रिफर ३२-बिट’वर खूण असेल, तर तो ३२-बिट म्हणूनच चालतो. आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरवरच्या अ‍ॅप्लिकेशन पूलमध्ये ‘एनेबल ३२-बिट अ‍ॅप्लिकेशन्स’ ही सेटिंग पाहावी. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण दिवसा हाताने चालवून पाहिलेली स्क्रिप्ट आणि रात्री शेड्युलरने उचललेली तीच स्क्रिप्ट वेगवेगळ्या बिटांच्या असू शकतात. शेड्युलर ३२-बिट असेल आणि त्यात स्क्रिप्ट होस्टचा (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) मार्ग ‘सिस्टम३२’ असा दिलेला असेल, तर विंडोज त्याला गुपचूप ‘सिसवॉव६४’मधल्या ३२-बिट होस्टकडे वळवते. कुठेही इशारा येत नाही, आणि मग सगळा राग डेटाबेसवर काढला जातो. म्हणून पुन्हा सांगतो, यंत्राकडे न पाहता प्रत्यक्ष काम करणारी प्रोसेस पाहावी.

फोल्डरांच्या नावांवर विसंबू नये. ६४-बिट विंडोजमध्ये ‘सिस्टम३२’मधला ओडीबीसी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ६४-बिट आहे आणि ‘सिसवॉव६४’मधला ३२-बिट, दोन्हींच्या फाइलचे नाव मात्र एकच, ओडीबीसीएडी३२. डीएसएन म्हणजे एका नावाखाली साठवलेली जोडणीची माहिती; सिस्टम डीएसएन यंत्रावरच्या सर्व खात्यांसाठी असतो, युझर डीएसएन एकाच खात्यापुरता. सिस्टम डीएसएन दोघांचे वेगवेगळे साठवले जातात, त्यामुळे एकात बनवलेला डीएसएन दुसऱ्या बिटच्या प्रोग्रॅमला सापडत नाही. युझर डीएसएन दोघांना सामाईक दिसतो, पण ड्रायव्हर विरुद्ध बिटचा निघाला की ‘आर्किटेक्चर मिसमॅच’, म्हणजे आयएम०१४ ही चूक येते. डीएसएनच सापडला नाही तर आयएम००२ येते. हा संदेश वाचून लोक नावातले स्पेलिंग तपासत बसतात, आणि खरे कारण बहुधा प्रोग्रॅमच्या बिटांत असते. सर्व्हिस किंवा शेड्युल केलेले काम वेगळ्या खात्यावर चालत असेल, तर तुमचा युझर डीएसएन त्याला दिसणारच नाही. अशा ठिकाणी सिस्टम डीएसएन, तोही योग्य बिटचा, बनवावा.

ड्रायव्हर उतरवून घेण्याआधी तो त्या बिटमध्ये उपलब्ध आहे का ते पाहावे. जेट ४.० या अ‍ॅक्सेसच्या जुन्या डेटाबेस इंजिनाचा ६४-बिट अवतार नाही. जुनी अ‍ॅक्सेस फाइल ६४-बिट प्रोग्रॅममधून वाचायची असेल, तर एसीई ही जेटच्या जागी आलेली नवी आवृत्ती लागते, आणि विरुद्ध बिटचे ऑफिस आधीपासून असेल तर तिचा इन्स्टॉलर अडून बसतो. ओरॅकलसाठी दोन्ही प्रकारचे प्रोग्रॅम असतील, तर दोन्ही बिटांचे क्लायंट लागतात. ओरॅकल डेटाबेसचे पत्ते ठेवणारी टीएनएसनेम्स फाइल एकाच ठिकाणची दोघांना मिळावी म्हणून टीएनएस_अ‍ॅडमिन हे व्हेरिएबल ठरवून घ्यावे, नाहीतर एक क्लायंट जुन्याच पत्त्यावर जात राहतो.

आवृत्तीही जपून निवडावी. एसक्यूएल सर्व्हरचा ओडीबीसी ड्रायव्हर १७ वरून १८ वर नेला, की एन्क्रिप्शन आपोआप सक्तीचे होते आणि सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर विश्वास बसत नसेल, तर काल चालणारी जोडणी आज नाकारली जाते. बिट बदलणे आणि आवृत्ती बदलणे ही दोन्ही कामे एकाच दिवशी करू नयेत, कारण चूक कुठली ते कळायला मार्ग उरत नाही.

उरलेले थोडक्यात. कनेक्शन स्ट्रिंगमधले, म्हणजे प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या जोडणीच्या ओळीतले, ड्रायव्हरचे नाव अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या ‘ड्रायव्हर्स’ टॅबमध्ये दिसते तसेच अक्षर न अक्षर लिहावे. लिनक्सवर ‘फाइल’ कमांडने ड्रायव्हरची एसओ फाइल (लिनक्सवरची डीएलएलसारखी फाइल) किती बिटांची आहे ते पाहावे. चाचणी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या ‘टेस्ट कनेक्शन’ बटणावर न थांबवता खऱ्या प्रोग्रॅममधून, खऱ्या खात्यावरून आणि रात्रीच्या कामाच्या वेळीच करावी. आणि ते काम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये त्याचा ‘प्लॅटफॉर्म’ रकाना पुन्हा एकदा पाहावा.