सीओईपी, व्हीजेटीआय मिळेल का? अंदाज बांधताना या चुका टाळा

अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटी या राज्याच्या परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो: एवढ्या पर्सेंटाइलला पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ किंवा मुंबईची व्हीजेटीआय ही अभियांत्रिकी संस्था मिळेल का? उत्तर द्यायला शेजाऱ्यांपासून क्लासच्या सरांपर्यंत सगळे तयार असतात, आणि बहुतेक जण मागच्या वर्षीच्या कटऑफमधला एक आकडा पाहून ‘होऊन जाईल’ किंवा ‘तो विचार सोडा’ असा निवाडा करून मोकळे होतात. मात्र कटऑफ ही कोणी आधी आखून ठेवलेली पात्रतेची रेषा नसते. त्या वर्षी, त्या फेरीत, त्या प्रवर्गातून ज्या शेवटच्या विद्यार्थ्याला जागा मिळाली त्याचा तो आकडा असतो, म्हणजेच जागावाटप झाल्यावर तो तयार होतो. पात्रतेची रेषा म्हणायची तर ती बारावीच्या संबंधित विषयांत ४५ टक्के आणि राज्यातील मागास प्रवर्गांसाठी ४० टक्के, एवढीच आहे.

पर्सेंटाइलला गुण किंवा क्रमांक समजणे

पीसीएम गटाची परीक्षा २०० गुणांची असते. त्यातले १०० गुण गणिताचे, तर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५०. ही परीक्षा अनेक सत्रांत घेतली जाते आणि आपल्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणारे विद्यार्थी शेकडा किती, हे पर्सेंटाइल सांगते. त्यामुळे ‘माझ्या मैत्रिणीला १४० गुणांना इतके मिळाले, मग मला कमी कसे?’ या तक्रारीचे उत्तर बहुधा दोघींच्या सत्रांच्या काठिण्यात असते. तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढणारेही असेच फसतात, कारण एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढले जाते.

याहून मोठी चूक दोन वर्षांची पर्सेंटाइल थेट शेजारी ठेवण्याची. समजा, एका वर्षी ३ लाख विद्यार्थी बसले, तर ९९ पर्सेंटाइलच्या वर सुमारे ३,००० जण असतील. पुढच्या वर्षी ४ लाख बसले, तर त्याच ९९ च्या वर सुमारे ४,००० जण असतील. नामांकित संस्थेतल्या एखाद्या शाखेच्या जागा मात्र तेवढ्याच राहतात. पर्सेंटाइल तेच असूनही विद्यार्थी हजार क्रमांकांनी मागे गेलेला असतो. सीओईपीच्या संगणकशाखेसारख्या ठिकाणी, जिथे खुल्या प्रवर्गाचा कटऑफ ९९.९ च्या आसपास घुटमळतो, तिथे दशांशचिन्हानंतरचा दुसरा-तिसरा आकडासुद्धा निर्णायक ठरतो. निकाल सात दशांश स्थळांपर्यंत दिला जातो तो काही हौसेखातर नव्हे.

म्हणून अंदाज पर्सेंटाइलवर न बांधता राज्याच्या गुणवत्ता क्रमांकावर बांधावा. हा क्रमांक प्रवेशप्रक्रियेसाठी नोंदणी केलेल्यांमध्येच लागतो. परीक्षेला बसून पुढे दुसरीकडे वळलेले विद्यार्थी त्यात नसतात. कटऑफच्या अधिकृत यादीतही प्रत्येक रकान्यात हा क्रमांक आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल छापलेले असते. लोक नेमका कंसच वाचतात.

चुकीचा रकाना वाचणे

कटऑफ यादीतल्या प्रत्येक रकान्याला प्रवर्गाचा संकेत असतो. त्याचे पहिले अक्षर ‘जी’ असेल तर ती त्या प्रवर्गातल्या मुलगे-मुली सर्वांसाठीची जागा आणि ‘एल’ असेल तर महिलांसाठी राखीव जागा असते. शेवटचे ‘एस’ म्हणजे राज्यस्तर, ‘एच’ म्हणजे गृह विद्यापीठ आणि ‘ओ’ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे विद्यार्थी. आपले गृह विद्यापीठ कायमच्या पत्त्यावरून ठरते असा समज सर्रास आढळतो, परंतु बारावी ज्या ठिकाणाहून उत्तीर्ण केली ते ठिकाण त्यासाठी पाहिले जाते. साताऱ्याची मुलगी पुण्यात बारावी झाली, तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांसाठी तिने ‘एच’चा रकाना पाहून उपयोग नाही. शिवाय मुलीने ‘एल’ आणि ‘जी’ हे दोन्ही रकाने पाहावेत, कारण ती दोन्हीकडे स्पर्धेत असते. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याचा विचारही आधी गुणवत्तेने खुल्या जागेसाठी होतो.

ज्या रकान्यात एक-दोनच जागा असतात, तिथल्या आकड्यावर फार विसंबू नये. साठ जागांच्या शाखेत २ टक्के आरक्षणाच्या वाट्याला जेमतेम एक जागा येते, आणि त्या वर्षी त्या एका विद्यार्थ्याने दुसरी शाखा निवडली की कटऑफ कित्येक हजार क्रमांकांनी सरकतो. आरक्षणाची रचना बदलते तेव्हाही जुन्या आकड्यांची तुलना बिघडते. २०२४ मध्ये सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गासाठी १० टक्के जागा आल्यावर त्याआधीच्या वर्षांचे खुल्या प्रवर्गाचे कटऑफ तसेच्या तसे वापरता येत नाहीत. शिक्षणशुल्क माफीच्या जागांचा संकेतांक वेगळा असतो आणि तो पसंतीयादीत स्वतंत्रपणे भरावा लागतो. ‘माफीची जागा सहज मिळते’ असे समजू नये. चांगल्या शाखांत तिचा कटऑफ अनेकदा नेहमीच्या जागेपेक्षा वर जातो.

अंदाजाला घाबरून पसंतीक्रम उलटा लावणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. कटऑफ आपल्या आवाक्याबाहेर दिसला म्हणून पालक आवडती संस्था खाली ढकलतात आणि ‘नक्की मिळणारी’ वर ठेवतात. जागावाटप गुणवत्ताक्रमाने होते आणि प्रत्येकाची यादी वरून खाली तपासली जाते. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. याउलट खात्रीची जागा वर ठेवली की ती मिळते आणि तिथेच थांबावे लागते. २०२५ च्या चार फेऱ्यांच्या प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही पर्याय मिळाला, की ती जागा आपोआप गोठत असे आणि बेटरमेंटचा, म्हणजे पुढच्या फेरीत अधिक पसंतीची जागा मिळवण्याचा मार्ग बंद होत असे. म्हणून वरचे सहा पर्याय अंदाजाने नव्हे, तर खरोखर कुठे शिकायचे आहे ते ठरवून लिहावेत आणि अंदाजाचा उपयोग यादी खाली किती लांब न्यायची हे ठरवण्यासाठी करावा.

पहिल्या फेरीचा कटऑफ पाहून आशा सोडणे हाही याचाच भाग. पुढच्या फेऱ्यांत विद्यार्थी वर सरकतात, काही आयआयटी-एनआयटीकडे जातात, आणि मधल्या शाखांचे कटऑफ बरेच खाली येतात. सर्वाधिक मागणीच्या शाखांत मात्र ही हालचाल थोडीच असते. तीन वर्षांचे सर्व फेऱ्यांचे क्रमांक शेजारी मांडले, तर हा फरक कोणत्याही प्रेडिक्टर अ‍ॅपपेक्षा स्पष्ट दिसतो.

कागदपत्रांचा प्रश्न अंदाजाशी संबंधित वाटत नाही, पण आहे. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत सादर झाले नाही किंवा नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत पोहोचत नसेल, तर विद्यार्थ्याचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो, आणि ज्या रकान्यावर सगळे गणित बसवले होते तो रकानाच त्याच्यासाठी उरत नाही.